एकी हवी, सक्ती नको!

पानशेत, वेल्हे आणि भोर परिसरातील ग्रामस्थांसाठी, तसेच पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांसाठी जाहीर पत्रक



एवढा अफाट देश, बावीस अनुसूचित भाषा, शेकडो बोली, डोंगरापलीकडे गेले की बदलणारे देव आणि सणवार. असा देश एकसंध राहील का? हा प्रश्न आज पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात निघतो आणि त्याची दोनच उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, सगळ्यांना एका भाषेत आणि एका वळणात बसवा, दिल्लीचा शब्द शेवटचा माना, नाहीतर देश फुटेल. दुसरा पक्ष हात झटकून म्हणतो, हा कडबोळ्यांचा देश आज ना उद्या फुटणारच.

ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत. हा देश एकसंध राहू शकतो आणि राहिलाच पाहिजे. पण त्यासाठी इथल्या प्रत्येक मुलखाला, तो कितीही लहान वा विरळ वस्तीचा असला तरी, सत्तेत वाटा, भाषेला मान आणि नको असलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मिळाला पाहिजे. हे तीन जिथे मिळाले तिथे माणसे देशाला धरून राहिली. जिथे नाकारले गेले तिथे रक्त सांडले.

भाषेने देश फोडला नाही, वाचवला

स्वातंत्र्यानंतर दिल्लीतल्या मोठमोठ्या माणसांना भाषावार राज्यांची धास्ती वाटत होती. नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ साली ही मागणी लांबणीवर टाकण्याचाच सल्ला दिला. पुढे काय झाले? वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ रोजी गेले आणि १९५३ च्या ऑक्टोबरात आंध्र राज्य द्यावेच लागले. आपल्या वाट्याला १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आले. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र मिळाला.

महाराष्ट्र झाला म्हणून भारत दुबळा झाला का? उलट मराठी माणसाची भारताशी असलेली गाठ पक्की झाली, कारण आपल्या भाषेत अर्ज करता येईल, आपल्या भाषेत कोर्टकचेरी आणि शाळा चालेल अशी सोय त्याला याच देशात मिळाली. तमिळनाडूत एके काळी स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी होती. द्रमुकने ती १९६३ साली सोडली. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर १९६७ साली कायदा दुरुस्त झाला आणि इंग्रजीचा वापर चालू राहण्याची हमी मिळाली. आज चेन्नईत भारतापासून वेगळे होण्याची गोष्ट कोणी गांभीर्याने करत नाही. दिल्लीने एक पाऊल मागे घेतले आणि देश दहा पावले पुढे गेला.

मिझोरामचे उदाहरण तर आपल्या पोरांना शाळेत शिकवायला हवे. १९६६ च्या मार्चमध्ये तिथे बंड झाले आणि आपल्याच सरकारने ऐजॉलवर विमानांतून मारा केला. वीस वर्षे जंगलात लढाई चालली. ३० जून १९८६ ला करार झाला आणि बंडाचे पुढारी लालडेंगा मुख्यमंत्री झाले. १९८७ च्या फेब्रुवारीत मिझोराम पूर्ण राज्य बनले. त्यानंतर तिथे शांतता नांदली. बॉम्बने जे साधले नाही ते मताच्या पेटीने साधले.

ज्यांनी उलटे केले त्यांचे काय झाले

पाकिस्तान धर्माने एक होता. पण १९४८ च्या मार्चमध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन उर्दूच राष्ट्रभाषा होईल असे बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ ला बंगालीसाठी उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. पूर्व पाकिस्तानच्या तागावर परकीय चलन मिळायचे आणि सत्ता पश्चिम पाकिस्तानकडे राहायची. १९७० च्या निवडणुकीत पूर्वेच्या अवामी लीगला देशभराच्या संसदेत बहुमत मिळाले, तरी सत्ता दिली गेली नाही. १९७१ च्या डिसेंबरात तो देश दुभंगला. एक धर्म, एक झेंडा, एक लष्कर असूनही तो जेमतेम चोवीस वर्षे टिकला.

श्रीलंकेने १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा केली. १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे त्या बेटाने यादवी भोगली. सोव्हिएत संघाच्या घटनेत प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा हक्क सुद्धा लिहिलेला होता. पण तो कागदावर होता, निर्णय मॉस्कोत होत होते. १९९१ साली त्याची पंधरा शकले झाली. या तिन्ही ठिकाणी अनेक भाषा असणे हा गुन्हा नव्हता. जो मुलूख देत होता त्याला विचारले जात नव्हते, हा गुन्हा होता.

आज आपल्याच मणिपुरात ३ मे २०२३ च्या हिंसाचारापासून मैतेई आणि कुकी हे दोन समाज एकमेकांच्या भागात पाऊल टाकू शकत नाहीत, हजारो कुटुंबे छावण्यांत गेली. देश एकसंध आहे असे भाषणात म्हणत असताना एक राज्य आतून दोन झाले. त्याकडे पाहून गप्प बसणारा माणूस देशभक्त म्हणवून घेऊ शकत नाही.

बारा मावळ एक कसे झाले

ज्यांना एकी म्हणजे हुकूम वाटतो त्यांनी आपल्या खोऱ्यांचा इतिहास वाचावा. मावळात खोऱ्याखोऱ्याचा वेगळा देशमुख. जेधे, बांदल, पासलकर अशी एकेक मातब्बर घराणी. वतनासाठी आपसांत पिढ्यान्‌पिढ्या वैर. ही माणसे शिवाजीमहाराजांच्या मागे उभी राहिली ती मारून मुटकून नाही. रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला तेव्हा महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. हे रांझे आपल्या भोर तालुक्यातच आहे. पाटील असो वा कुळंबी, न्याय एक, हे मावळाने डोळ्यांनी पाहिले आणि मग तोरणा-राजगडाच्या भोवती खोरी जोडली गेली. न्यायाने जमलेली माणसे पावनखिंडीत मरायलाही तयार झाली.

वेल्ह्याचा बराचसा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आपल्या आजा-पणज्यांनी राजा गेल्याचे दुःख केले नाही, कारण त्यांना मत मिळाले. ते राजाची रयत न राहता नागरिक झाले. त्या मताची किंमत कमी झाली तर विलीन होण्याचा अर्थच संपतो.

१२ जुलै १९६१

आंबी नदीवरचे पानशेतचे धरण त्या सकाळी फुटले. बांधकाम पुरे झालेले नसताना पाणी साठले, पाणी सोडण्याच्या नळाचे काम अपुरे, आणि मुदतीआधी धरण भरण्याची घाई. खालचे खडकवासलाही टिकले नाही, पुण्याचे नदीकाठचे भाग उद्ध्वस्त झाले. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूच्या पिशव्या रचत भरावाशी झुंजत होते. त्यांनी वेळ काढून दिला म्हणून पूर रात्री न येता दिवसा आला आणि असंख्य जीव वाचले. जिवावर उदार होऊन कोणाच्या तरी मुलुखासाठी असे उभे राहणे हीच खरी राष्ट्रीय एकी.

आणि दुसरा धडा तितकाच कठोर आहे. पाण्याचा दाब वाढत असताना त्याला वाट ठेवली नाही की भरभक्कम भिंतही जाते. देशातल्या असंतोषाचेही तसेच आहे. विधानसभा, न्यायालय, वर्तमानपत्र, ग्रामसभा, मोर्चा या त्याच्या वाटा. त्या बंद करून एकीची भिंत उंच करणारे देशाचे नुकसान करतात, मग त्यांच्या घोषणा कितीही मोठ्या असोत.

येणारी कसोटी: लोकसभेच्या जागा

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभा जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्याला शिक्षा होऊ नये, हा हेतू होता. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. आता २०२७ ची जनगणना ठरली आहे. केवळ डोकी मोजून जागा वाटल्या तर ज्या केरळ-तमिळनाडूने सरकारचे ऐकून लोकसंख्या आवरली त्यांचा आवाज बसेल आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांचा वाढेल.

एक माणूस एक मत हे तत्त्व आम्ही मानतो. पण संघराज्यात दुसरेही तत्त्व असते. राज्याराज्यांत झालेला करार एकाच बाजूने मोडता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत उत्तरेच्या प्रचंड राज्यांचा धोका स्पष्ट मांडला होता. उत्तर प्रदेशचे तीन, बिहार आणि मध्य प्रदेशचे दोन-दोन भाग करा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि महाराष्ट्राचे चार करावेत असेही ते म्हणाले होते. सगळ्यांना एकच माप लावण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. आपण निदान त्यांचा इशारा तरी ऐकू या.

वेल्हेकरांनो, ही गोष्ट दूरची वाटते का? आपला तालुका, आता राजगड, २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५४ हजारांचा होता. पानशेत धरणाच्या तानाजीसागरात सुमारे १०.६५ टीएमसी पाणी साठते. आपल्या वाडवडिलांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ते पाणी पुण्याच्या नळांना आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेताला जाते. पण विधानसभेला आपण भोर आणि मुळशीच्या सोबत मोजले जातो, आणि शहराला टेकलेल्या गावांत मतदार वाढत चालले आहेत. डोकी मोजली की डोंगर हलका पडतो. जो न्याय आपण पुण्याकडे मागतो तोच न्याय मिझोराम, सिक्कीम आणि केरळ दिल्लीकडे मागतात. त्यांची बाजू ही आपलीच बाजू आहे.

आधी आपल्या दारात

दुसऱ्याला न्याय मागणाऱ्याने आपले अंगण झाडलेले असावे. आपल्या खोऱ्यातले कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. त्यांच्या पाड्यावर रस्ता, दाखला आणि राहत्या जागेचा कागद नसेल, तर देशाच्या एकतेवर बोलण्याचा आपल्याला काय अधिकार?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासन आदेश निघाला. महाराष्ट्राने विरोध केला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. तो विरोध बरोबर होता. पण सिंहगड रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या बिहारी मजुराला त्यासाठी दम देणे चूक आहे. आदेश त्याने काढला नव्हता. बेळगावच्या मराठी माणसाला मराठीत कागदपत्रे मिळावीत म्हणून आपण दशकानुदशके भांडतो, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगावात मागायचे आणि पुण्यात नाकारायचे, ही दुटप्पी चाल मराठी माणसाला शोभत नाही. इंदूर, बडोदा, तंजावर इथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मानाने राहिली. तो मान आपणही आल्यागेल्याला द्यायचा.

आणि दिल्लीवर बोट दाखवताना मुंबईकडेही पाहा. २०२२ साली मुदत संपल्यावर पुणे जिल्हा परिषदेवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिला. गावचा सदस्य नव्हता, सभापती नव्हता, प्रश्न कोणाला विचारायचा होता? सत्ता वरच्यावर साठवण्याची सवय दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत एकच आहे.

ग्रामसभेसाठी ठराव

येत्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला ग्रामसभा होतील. प्रत्येक गावाने पुढील ठराव मांडावा, मतास टाकावा, इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची प्रत आमदार व खासदारांना पाठवावी :

१. कोणत्याही राज्यावर दुसऱ्या राज्याची भाषा शाळेत किंवा कचेरीत सक्तीने लादू नये. मुलाचे पहिले शिक्षण त्याच्या मातृभाषेत व्हावे.

२. सर्व राज्यांची संमती होईपर्यंत लोकसभेतील राज्यांच्या जागांचे सध्याचे प्रमाण बदलू नये, आणि राज्यसभेत लहान राज्यांचे वजन वाढवावे.

३. जिल्हा परिषद व पंचायत समितीची मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे सरकारवर बंधनकारक असावे. प्रशासकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत नसावी.

४. ज्या खोऱ्यातून शहराला पाणी जाते त्या खोऱ्याला पाणीपट्टीच्या उत्पन्नात ठरलेला वाटा आणि पाणीवाटपाच्या बैठकीत हक्काची जागा मिळावी.

५. मणिपूरमध्ये दोन्ही समाजांना समोरासमोर बसवून राजकीय तोडगा काढावा.

६. गावात कामासाठी आलेल्या प्रत्येक परप्रांतीय मजुराला आणि खोऱ्यातील प्रत्येक कातकरी कुटुंबाला रेशन, शाळा व दवाखाना यांत कोणताही भेद न करता सेवा मिळेल, याची जबाबदारी ही ग्रामसभा स्वतःवर घेत आहे.

शेवटचे कलम विसरू नका. पहिल्या पाचांसाठी दुसऱ्यांकडे मागणी करायची आहे, सहावे आपण उद्याच पाळू शकतो. ते पाळले की पहिली पाच मागण्याचा अधिकार आपला. हात वर करा आणि ठराव मंजूर करा!

आपला,
पानशेत खोऱ्यातील एक ग्रामस्थ

(हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्यावे. छापून वाटण्यास कोणाचीही हरकत नाही.)