आमच्या सेसचं काय झालं?

पगारातून टॅक्स कापतात याबद्दल माझी तक्रार नाही. रस्ते, सैन्य, लोकल, काहीच फुकट येत नाही. माझं भांडण आहे ते हिशोबातल्या शेवटच्या ओळीशी: आरोग्य आणि शिक्षण सेस, ४ टक्के. टॅक्सवर टॅक्स! २००४ मध्ये हा २ टक्के होता. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ आला. २०१८ मध्ये जेटलींनी त्यात आरोग्य घालून ४ केला. आपण ऑफिसात पाच मिनिटं कुरकुरलो आणि चहाला गेलो.

साधा टॅक्स घेताना सरकार तो कशावर खर्च करणार ते सांगत नाही. सेस घेताना मात्र सांगतं, की हे पैसे अमुक कामासाठीच. म्हणजे नाव हाच करार.

आता तो पाळला कसा ते बघा. माध्यमिक शिक्षणाचा सेस सुरू झाला २००७ मध्ये. त्यासाठी वेगळ्या कोषाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ऑगस्ट २०१७ मध्ये. दहा वर्षांनी! २०१७-१८ पर्यंत जमलेले ९४,०३६ कोटी रुपये त्या कोषात गेलेच नाहीत, हे 'कॅग'ने लिहून ठेवलंय. २०१८-१९ मध्ये ३५ सेस आणि तत्सम आकारण्यांतून सुमारे २.७५ लाख कोटी आले, त्यातले राखीव निधींत गेले १.६४ लाख कोटी. उरलेले सरकारच्या एकत्रित निधीतच राहिले. कुणी खाल्ले असं मी म्हणत नाही. ते बाकीच्या खर्चात मिसळून गेले, आणि एकदा मिसळले की शोधणार कसे? आमच्या धंद्यात व्हेरिएबलला 'शिक्षण' नाव देऊन त्यात वाटेल ते भरलं, तर कोड रिव्ह्यूमध्ये साग्रसंगीत पूजा होते.

यावर एक मित्र म्हणाला, "अरे, सरकार शिक्षणावर सेसपेक्षा जास्तच खर्च करतं, मग कुठल्या खिशातून केला याने काय फरक पडतो?" फरक पडत नसेल तर नाव काढा ना! सरळ टॅक्सचा दर वाढवा आणि त्याचं उत्तर निवडणुकीत द्या.

पण तसं होणार नाही, आणि खरी गोम इथेच आहे. साध्या टॅक्समधला हिस्सा केंद्राला राज्यांना द्यावा लागतो. चौदाव्या वित्त आयोगाने तो ३२ वरून ४२ टक्के केला, पंधराव्याने ४१. सेस आणि सरचार्ज मात्र या वाटणीत येत नाहीत. २०२१ च्या बजेटनंतर पेट्रोलवर केंद्राची एक्साइज होती लिटरमागे ३२.९० रुपये. त्यातले राज्यांबरोबर वाटून घ्यायचे किती? १.४०! (पेट्रोल महागलं की शिव्या दोघांना सारख्याच पडतात, हे वेगळं.) म्हणजे शाळेच्या नावाने कर गोळा होतो केंद्रात, आणि शाळांचा बराचसा खर्च उचलणाऱ्या राज्यांना त्यात हक्काचा वाटा नाही.

मला क्रांती नकोय, एक पानाचा तक्ता हवाय. दर बजेटसोबत, प्रत्येक सेससाठी तीन आकडे: किती जमले, निधीत किती गेले, ठरलेल्या कामावर किती खर्च झाले. हे आकडे सरकारकडेच आहेत, पण वेगवेगळ्या कागदपत्रांत विखुरलेले. जोडायला कॅग लागतं, आणि त्यांचा अहवाल येईपर्यंत दीड-दोन वर्षं उलटतात. ज्या देशात जीएसटीचं पोर्टल कोट्यवधी इन्व्हॉइस जुळवून बघतं, तिथे तीन कॉलमची एक शीट बनवायला तांत्रिक अडचण आहे, हे किमान माझ्यासारख्याला तरी सांगू नका.