शंभराच्या आसपासचे

२०२५च्या १२ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, व्हॅलेंटिन वाशरो नावाच्या मोनॅकोच्या खेळाडूने शांघाय मास्टर्सची अंतिम फेरी जिंकली. समोर त्याच्याच नात्यातला भाऊ होता, फ्रान्सचा आर्थर रिंडरक्नेश. वाशरो स्पर्धेला गेला तेव्हा जागतिक क्रमवारीत २०४वा होता. मुख्य स्पर्धेत त्याला जागा नव्हती, पात्रता फेरीतही तो राखीव यादीतून आत आला होता. उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला हरवलं. इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स १००० दर्जाची स्पर्धा याआधी कधी जिंकलेली नव्हती. त्या दिवशी जगभरात हा कोण, कुठला, अशी विचारणा चालली होती.

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या घरात कुणाला विचारावं लागलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये हाच वाशरो पुण्यात चॅलेंजर, म्हणजे मुख्य एटीपी स्पर्धांच्या खालच्या पायरीवरची, स्पर्धा जिंकला होता. पहिला सेट ३-६ असा गमावून, पुढचे दोन्ही सेट टायब्रेकवर काढून त्याने ऑस्ट्रेलियाच्या अॅडम वॉल्टनला हरवलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी नवी क्रमवारी लागली की मी त्याचं नाव शोधत असे. तो शंभराच्या जवळ आला, मग घसरला, दोनशेच्या पलीकडे गेला. शांघायच्या त्या आठवड्यात माझ्यासाठी तो अनोळखी माणूस नव्हताच.

टेनिसचा चाहता म्हटलं की लोक फेडरर की नदाल, अल्कराझ की सिनर, असं विचारतात. त्यांचा खेळ मीही डोळ्यांत प्राण आणून पाहते. पण माझा जीव खरा अडकतो तो शंभराच्या आसपासच्या खेळाडूंत. याचं कारण बालेवाडी.

१९९७पासून एकवीस वर्षं चेन्नईत होणारी एटीपी स्पर्धा २०१८च्या जानेवारीत पुण्यात आली. टाटा ओपन महाराष्ट्र. २५० दर्जाची, म्हणजे विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण. भारतातली त्या पातळीची ती एकुलती एक स्पर्धा होती. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला जे क्रीडासंकुल उभं राहिलं, तिथे ती व्हायची. भाईंदरच्या माणसाला ही जागा फार सोयीची. काशिमिऱ्याला पुण्याची बस पकडायची. घोडबंदर, ठाणे करत ती एक्स्प्रेसवेला लागते, आणि पुण्यात शिरण्याआधीच वाकडच्या पुलाशी उतरता येतं. तिथून स्टेडियम रिक्षाने जवळ. माझा दादा वाकडलाच राहतो, त्यामुळे वहिनीच्या हातचं जेवून संध्याकाळच्या सामन्यांना जाता यायचं. जानेवारीत बालेवाडीला सूर्य कलला की बोचरी थंडी पडते. शाल घेतल्याशिवाय रात्रीचा सामना शेवटपर्यंत बघवत नाही.

अशा स्पर्धेत मुख्य फेरीत २८ खेळाडू असतात. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. त्यामुळे सोमवार-मंगळवारी जे खेळतात त्यांची नावं सामान्य प्रेक्षकाने ऐकलेली नसतात, स्टँड निम्मे रिकामे असतात, आणि माझ्या मते बघण्यासारखं टेनिस त्याच दोन दिवसांत असतं. बाजूच्या कोर्टवर तुम्ही आणि खेळाडू यांत दहा-बारा पावलांचं अंतर. टीव्हीवर चेंडूचा वेग आकड्यात दिसतो. इथे तो कानाला कळतो. सर्व्हिसच्या वेळी श्वास कसा सोडतात, चुकीचा फटका गेल्यावर मांडीवर मूठ कशी आपटतात, चेंजओव्हरला टॉवेल डोक्यावर ओढून कसे बसून राहतात, सगळं दिसतं. त्यांचा लवाजमाही लहान असतो. कित्येकांबरोबर एकच माणूस, तोच प्रशिक्षक, तोच सामान उचलणारा.

माझा भाचा तेव्हा शाळेत होता. प्रत्येक खेळाडू कोर्टवर आला की त्याचा प्रश्न ठरलेला.

“आत्या, हा कितवा?”

“एकशेसातवा.”

“मग कशाला बघायचा?”

“बस तर खरं. एक सेट होऊ दे.”

तो एकशेसातवा होता चेक प्रजासत्ताकाचा जिरी वेसेली. साल २०२०. त्या वर्षी स्पर्धा फेब्रुवारीत झाली. वेसेली उंच, डावखुरा, चेहऱ्यावर फारसं काही न दाखवणारा. उपांत्यपूर्व आणि उपांत्य, दोन्ही सामन्यांत तो मॅचपॉइंट वाचवून जिंकला. मॅचपॉइंट वाचवणाऱ्याच्या चेहऱ्यात मी काही विशेष शोधत होते, पण तो नेहमीसारखाच टप्पे घेऊन चेंडू टाकत होता. अंतिम फेरीत त्याने बेलारूसच्या एगोर गेरासिमोव्हला तीन सेटमध्ये हरवलं. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२मध्ये, दुबईला याच वेसेलीने जोकोविचला घरी पाठवलं आणि त्या पराभवामुळे जोकोविचचा अव्वल क्रमांक मेदवेदेवकडे गेला. भाच्याने फोन केला तो ओरडतच, “आत्या, आपला एकशेसातवा!” आता तो कॉलेजात आहे आणि क्रमवारी माझ्यापेक्षा जास्त पाठ ठेवतो.

पुण्याच्या विजेत्यांकडे नजर टाकली तर २०१९चा केविन अँडरसन सोडून सगळे असेच. २०१८ला फ्रान्सचा जिल सिमॉन ८९वा होता. त्याने उपांत्य फेरीत अव्वल मानांकित मारिन चिलिचला आणि अंतिम फेरीत अँडरसनला हरवलं. २०२२ला पोर्तुगालचा जोआओ सौसा जिंकला, तोही शंभराच्या बाहेर असताना. २०२३ला नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पोर ९५वा होता. कारकिर्दीतलं पहिलं एटीपी विजेतेपद त्याला पुण्याने दिलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो २१व्या क्रमांकावर पोहोचला. त्या अंतिम फेरीत हरलेला बेंजामिन बॉन्झी २०२५मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, दोन्हीकडे पहिल्याच फेरीत मेदवेदेवला बाहेर काढून मोकळा झाला.

२०१९च्या अंतिम फेरीबद्दल मात्र स्वतंत्र सांगायला हवं. अँडरसन २०३ सेंटिमीटर उंच, समोरचा क्रोएशियाचा इवो कार्लोविच २११. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. १९७७मध्ये केन रोझवॉल खेळला त्यानंतर एवढ्या वयाचा माणूस एटीपीच्या अंतिम फेरीत आलाच नव्हता. तिन्ही सेट टायब्रेकला गेले: ७-६, ६-७, ७-६. अशा सामन्याला कंटाळवाणा म्हणणारे पुष्कळ भेटतात, कारण रॅली होत नाहीत, सर्व्हिस येते आणि पॉइंट संपतो. मला ते पटत नाही. तिथे परतीचा फटका घेणारा प्रत्येक वेळी अर्ध्या क्षणाचा जुगार खेळत असतो, आणि दोन तास हुकत राहून एकदा त्याचा अंदाज बरोबर येतो तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहतं. त्याच स्पर्धेत रोहन बोपण्णा आणि दिविज शरण दुहेरी जिंकले. बोपण्णाने २०२२मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर पुन्हा इथेच जिंकून दाखवलं, आणि पुढे २०२४च्या जानेवारीत, ४३व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं.

शंभरावरच एवढं का अडून बसायचं, असं कुणी विचारेल. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जण खेळतात. त्यातल्या १०४ जणांना क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो, उरलेल्या जागा पात्रता फेरीतून आणि वाईल्ड कार्डने भरतात. ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीत हरलं तरी हाती येणाऱ्या पैशात वर्षाच्या प्रवासाचा आणि प्रशिक्षकाचा मोठा भार हलका होतो. म्हणजे ९८वा आणि ११५वा यांच्या खेळात फरक नखाएवढा, आणि जगण्यात केवढा तरी. त्यात मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. गेल्या वर्षी जिथे जिंकलात तिथे या वर्षी पुन्हा जिंकावं लागतं, नाहीतर घसरण. सुमित नागलने २०२३मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की त्याच्या बँक खात्यात सुमारे ९०० युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं, आणि २०२४च्या फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात आला. हे माहीत असलेला माणूस त्याचा सामना निवांत टेकून बघू शकत नाही.

मुंबईलाही एकदा हे सुख मिळालं होतं. २००६मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, एटीपी स्पर्धा झाली. भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली की स्टेशनातून चालत पाच-सात मिनिटांत कोर्ट. रशियाचा दिमित्री तुर्सुनोव्ह अंतिम फेरीत तोमास बर्डिचशी खेळला आणि तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर जिंकला. पुढल्या वर्षी रिशार गास्के जिंकला. २००८ला ही स्पर्धा बंगळुरूला जाणार होती, ती सुरक्षेच्या कारणावरून रद्दच झाली. त्यानंतर पुरुषांची त्या दर्जाची स्पर्धा मुंबईत आलेली नाही. महिलांची मुंबई ओपन त्याच सीसीआयवर भरते, आणि ती जरूर पाहावी अशी असते.

पुण्याची स्पर्धा पाच वेळा झाली. २०२१मध्ये करोनामुळे खंड पडला. २०२४च्या वेळापत्रकात पुणे नव्हतं. जानेवारीच्या त्याच पहिल्या आठवड्यात हाँगकाँग आलं. आज देशात पुरुषांची एटीपी २५० स्पर्धा एकही नाही.

याने नेमकं काय गेलं, ते २ जानेवारी २०२३ची रात्र आठवली की कळतं. नुकताच १५ वर्षांचा झालेला पुण्याचा मानस धामणे वाईल्ड कार्डवर मुख्य फेरीत उतरला, समोर अमेरिकेचा मायकेल मो. मानस २-६, ४-६ हरला. पण दुसऱ्या सेटमध्ये त्या मुलाने काही गेममध्ये समोरच्याला कोर्टभर पळवलं, आणि शेजारच्या रांगेत बसलेली, पाठीवर रॅकेटच्या पिशव्या अडकवलेली पोरं पुढे सरकून बसली. पुण्याचाच अर्जुन कढे वाईल्ड कार्डवर या स्पर्धेत खेळत आला. ऑक्टोबर २०२४मध्ये अल्माटीला ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर त्याने पहिलं एटीपी दुहेरी विजेतेपद मिळवलं. वाईल्ड कार्ड यजमानांच्या हातात असतं. घरात स्पर्धा असेल तर घरच्या चार मुलांना वर्षातून एकदा ते दार उघडतं. स्पर्धा गेली की त्याच मुलांना तसा एक सामना मिळवण्यासाठी परदेशांतल्या छोट्या स्पर्धांत महिनोन् महिने, स्वतःच्या खर्चाने, फिरावं लागतं. बालेवाडीचं संकुल जागच्या जागी आहे, स्पर्धा चालवून दाखवलेली माणसं आहेत. राज्य सरकारने आणि टेनिस संघटनेने ही स्पर्धा, किंवा तिच्या तोडीची दुसरी, महाराष्ट्रात परत आणायला हवी. त्यासाठी पैसा लागतो हे खरं, पण चेन्नईहून ती आणतानाही तो लागलाच होता.

तोवर चॅलेंजर आहेत. फेब्रुवारीच्या सुमारास परदेशी खेळाडू पुणे, चेन्नई, बंगळुरू, दिल्ली अशा गावांतून फिरतात. मीरा-भाईंदरच्या वाचकांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी पुण्यात चॅलेंजर असेल तेव्हा एक दिवस रजा टाका आणि काशिमिऱ्याहून बस पकडा. शक्यतो मंगळवारी जा, अंतिम फेरीची वाट पाहू नका. खेळाडूंच्या यादीत ओळखीचं एकही नाव सापडणार नाही. बाजूच्या कोर्टवर बसा, त्यातला एक आपला म्हणून निवडा, आणि पुढचं वर्षभर दर सोमवारी तो कितवा आहे ते बघत राहा.