नव्वदाचा महिमा

आमच्या बीड जिल्ह्यात पातळ वरणाला आणि पातळ तेलाला किंमत नाही. गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल घालावं, असं चारचौघांत विचारून पाहा. जन्मात सायकलीपलीकडे काही न चालवलेला गृहस्थसुद्धा टपरीवरून छातीठोकपणे सांगेल, "नव्वद टाका साहेब! तीस म्हणजे निव्वळ पाणी." वर दोन बोटांत तेल धरून तार काढून दाखवील. अहो, तार पाकाची बघतात!

मी पडलो बी.कॉम. आकड्यांपुरतं बोलायचा मला अधिकार आहे. इंजिन ऑइलचे नंबर एका खतावणीतले, गिअर ऑइलचे दुसऱ्या. ९० नंबरचं गिअर ऑइल जाडीला साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच भरतं. खात्याचा नंबर मोठा म्हणजे शिल्लक मोठी, असं मानणारा खातेदार मला अजून भेटायचा आहे. तेलाच्या बाबतीत मात्र अख्खा तालुका तसं मानतो.

यावर ठरलेलं उत्तर, "आपल्याकडचं ऊन बघा की!" बघितलं. हे नंबर ठरवताना तेलाची जाडी १०० अंशाला मोजतात. बीडच्या मे महिन्याची ख्याती मोठी असली, तरी त्याने अजून शंभरी गाठलेली नाही.

आता वडिलांची जुनी, पेट्रोलवरची चेतक घ्या. तिचा क्लच गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेला असतो. कंपनीने ३० नंबर सांगितला तो काटकसर म्हणून नव्हे. दाट तेलात क्लचप्लेटा लग्नघरच्या पाहुण्यांसारख्या चिकटून बसतात, सुटता सुटत नाहीत. सकाळी पहिला गिअर टाकला की गाडी स्वाराला न विचारता निघते. जीपवाल्यांचं दुखणं निराळं. जीएल-५ तेलातली गंधकाची रसायनं गिअरचे दात सांभाळतात, पण काही गिअरबॉक्समधल्या पितळी कड्या खातात. म्हणून तिथे पुस्तकात जीएल-४ लिहिलेलं असतं. पण पुस्तक आहे कुठे? सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, हळदीकुंकवासकट!

इथवर हसण्यावारी नेलं. पण धारूरच्या घाटात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला की हसू येत नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक गिअरबॉक्सच्याच तेलात चालतात. त्यासाठी खास तेल लागतं. भलतंच घातलं तर ब्रेक ओरडतात, झिजतात, नको तिथे दगा देतात. उसावर लेकरू घेऊन बसलेल्या बाईला तेलाचा नंबर कोणी विचारलेला नसतो. टपरीवरचा सल्ला मात्र तिच्या नावे पडतो.

माझं मागणं एवढंच, की दुकानदाराने डबा काढण्याआधी गाडीचं पुस्तक मागावं. लोक चिडतील. पासबुक मागतो म्हणून आम्ही रोज शिव्या खातो. चार त्यांनीही खाव्यात.