मागील वजन हा लोडरचाच भाग मानावा

लहान ट्रॅक्टरला पुढे लोडर जोडला की शेणखत भरणे, माती हलविणे, चाऱ्याचे गठ्ठे उचलणे ही कष्टाची कामे सुकर होतात. मात्र प्रात्यक्षिकाच्या वेळी सर्वांची नजर बकेट किती उचलते याकडेच असते. ट्रॅक्टरच्या मागे काय जोडले आहे, हे क्वचितच विचारले जाते. माझ्या मते मागील वजनाविना लोडर चालविण्यास देणे म्हणजे चालकाचा जीव धोक्यात घालणे होय.

पहारीने दगड उचलताना जे घडते, तेच येथे घडते. पुढचा एक्सल टेकू होतो, बकेटमधील भार खाली दाबतो आणि ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका होतो. समजा, दोन एक्सलमधील अंतर १.६ मीटर आहे आणि पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे ३०० किलो भार आहे. अशा वेळी मागच्या एक्सलवरील भार २२५ किलोने घटतो, तर पुढच्या एक्सलवर ५२५ किलो वाढतात. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच लागतात. ती चाके हलकी झाली की उतारावर ब्रेकची पकड सुटते. शिवाय पुढचा एक्सल मध्यभागी झुलता असल्याने मागची चाके उचलली जाताच ट्रॅक्टर बाजूला कलंडू शकतो.

टायरमध्ये पाणी भरल्याने किंवा चाकांना वजने लावल्याने मागची चाके जड होतात, परंतु पुढच्या एक्सलवरील ताण कमी होत नाही. याउलट थ्री पॉइंट लिंकेजवर, मागच्या एक्सलच्या ०.८ मीटर मागे २५० किलो वजन जोडल्यास मागे ३७५ किलो वाढतात आणि पुढचा भार १२५ किलोने उतरतो. म्हणून या पद्धतीला प्रथम पसंती द्यावी. ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद व ४० सेंमी उंच असा काँक्रीटचा भरीव ठोकळा सुमारे २६० किलोचा होतो. आपल्या ट्रॅक्टरला नेमके किती वजन चालेल, हे मात्र माहितीपुस्तिकेतूनच ठरवावे. ट्रॅक्टरच्या पुढे लावलेली वजने लोडर जोडताना काढून ठेवावीत. वजनासाठी मागे माणूस उभा करणे तर सर्वथा वर्ज्य आहे.

मागील वजन म्हणजे अधिक भार उचलण्याचा परवाना नव्हे. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चालावे व वळण सावकाश घ्यावे. लोडर काढल्यावर हे वजनही उतरवावे. अन्यथा शेतातील माती दबते व डिझेल वाया जाते.

विस्तार कार्यकर्त्यांनी मागील वजनाविना लोडरचे प्रात्यक्षिक घेऊ नये आणि शेतकरी बंधू-भगिनींनी लोडरचे दरपत्रक मागतानाच त्यात या वजनाचा समावेश करून घ्यावा, ही आग्रहाची विनंती.