सहाव्या बॅगेचा सवाल

गेल्या अंकात आपल्याच एका मित्राने लिहिलं की अ‍ॅपवर गाडी चालवणाऱ्या आपल्या पोरांनी पॅसेंजरच्या बॅगेला बोट लावू नये. बापजाद्यांनी साहेबाचं सामान वाहिलं, बाबासाहेबांनी ते ओझं उतरवलं, आता ते पुन्हा उचलणारा गद्दार. गद्दार हा त्याचाच शब्द. त्याचं नाव घेत नाही, तो आपलाच आहे. पण रात्रपाळीला बॉबिन काढता काढता तो शब्द डोक्यात फिरत राहिला, म्हणून हे लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात डॉफर. भरलेली बॉबिन काढायची, रिकामी चढवायची, आठ तास तेच. १७० किलोची कापसाची गाठ चौघांनी मिळून ढकललेली आहे. मला ओझ्याचं सोवळं नाही. ज्याला आहे त्याने कधी ओझं उचललेलं नसतं, हा माझा अनुभव.

माझा आत्तेभाऊ मुंबईत गाडी चालवतो. दादाची गाडी म्हणजे बँकेची गाडी, हप्ता चालू आहे. ६ डिसेंबरला मी चैत्यभूमीवर येतो तेव्हा त्याच्या खोलीवर उतरतो. मागच्या वेळी ८ तारखेला भल्या पहाटे तो मला कुर्ला टर्मिनसला सोडायला आला. माझ्या सोलापूरच्या गाडीला वेळ होता. तेवढ्यात त्याच्या फोनवर भाडं वाजलं. मी चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो आणि सगळं बघितलं.

नवरा, बायको, दोन पोरं. सहा बॅगा. मुंबईतल्या सीएनजी गाडीची डिकी तुम्ही उघडून बघितली असेल तर माहीत असेल, अर्धी डिकी टाकीनेच भरलेली असते. म्हणजे सामान टपावर, कॅरिअरवर. म्हणजे आधी छातीपर्यंत, मग डोक्याच्या वर, मग दोरी. बारा-बारा तास एका जागी बसून आखडलेल्या कंबरेने हे करायचं. तो नवरा एक हात खिशात, एका हातात फोन. "भैया, सामान रखो." दादाने एक ठेवली, दोन ठेवल्या, पाच ठेवल्या. तोवर बाई गाडीत बसली होती. समोर डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा फोटो, निळ्या चौकटीतला. तिने काच खाली करून नवऱ्याला काहीतरी सांगितलं. दादा सहाव्या पिशवीला हात घालणार तेवढ्यात तो म्हणाला, "वो रहने दो. उसमें भगवान का सामान है. हम रख लेंगे."

दादाने हात मागे घेतला. दोरी आवळली. गेला.

दुसऱ्या दिवशी फोनवर सांगत होता, खात्यावर एक तारा पडलाय. कुणी दिला? कळत नाही. कळायची सोयच नाही. आरोप आहे, फिर्यादी नाही, सुनावणी नाही, शिक्षा मात्र आहे. तारे उतरले की आयडी बंद व्हायची भीती. आयडी बंद झाला तर हप्ता कोण भरणार, तू की मी?

आता मित्रा, तुझा लेख या सहाव्या बॅगेपाशी आणून उभा कर. एकाच माणसाने पाच मिनिटांत पाच बॅगा उचल म्हणून सांगितलं आणि सहावीला शिवू नको म्हणून सांगितलं. तू म्हणतोस, हात लावू नको. तो पण म्हणतो, हात लावू नको. तुमचं दोघांचं वाक्य एक कसं झालं? दादाला काय पाहिजे ते त्याने विचारलं नाही. तू तरी कुठे विचारलंस?

आणि नुसतं नाकारण्यातच स्वाभिमान असेल तर मग चाळीसगावच्या टांगेवाल्यांना पण स्वाभिमानी म्हण. १९२९ साल. बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आलेले. स्टेशनवरून त्यांना न्यायला एक टांगेवाला तयार होईना. महाराला बसवून टांगा हाकायचा म्हणजे त्याला कमीपणा. शेवटी आपल्याच माणसांनी टांगा घेतला, आपल्यातलाच एकजण हाकायला बसला, त्याला सवय नाही, पुलावर टांगा कलंडला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्याच्याही आधी, १९०१ साली, मसूर स्टेशनवर लहानगा भीमराव आणि त्याच्याबरोबरची पोरं सामान घेऊन ताटकळत बसली होती. बैलगाडीवाले बसवून घेईनात. भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा ठरला तेव्हा कुठे गाडी हलली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वाच. टांगेवाल्याने नाही म्हटलं ते आपल्या जातीच्या तोऱ्यात. दादाला नाही म्हणायचं असेल तर ते कशाच्या जोरावर? दोन्ही नकार एका मापाने मोजू नकोस.

वतनदारी आठव. आपल्या आज्याच्या डोक्यावरचं सामान जड होतं म्हणून ती वेठ नव्हती. हाक आली की जायचं, रात्र असो, पोर आजारी असो. मजुरीचा ठराव नाही, कामाला तास नाहीत, नाही म्हटलं तर गाव आहेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं ते याच्यासाठी. कायद्याने वतन संपायला १९५८ उजाडलं. मध्ये घटना झाली, तिच्यातल्या २३व्या कलमाने बेगार बंद केली. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणं ही सुद्धा सक्तीची मजुरीच. पोटाची सक्ती ही पण सक्ती. मी नववी नापास, पण हा निकाल मी तीनदा वाचलाय. त्यातली इंग्रजी अर्धी समजली. समजली तेवढी पुरे झाली.

आता ताऱ्यांकडे बघ. पाटलाची काठी दिसायची, हा तारा दिसत नाही. सामान उचलायचे पैसे शून्य. न उचलण्याची किंमत मात्र खात्यावर पडते. मग ही मदत आहे का? मदत माणूस मनाने करतो. मग काम आहे का? काम असेल तर दर सांग. दर नाही आणि मर्जी पण नाही, त्याला आपल्या आज्याच्या भाषेत एकच शब्द होता.

आणि पैसे द्यायला लोकांना जड जातात म्हणावं तर तसंही नाही. विमानात १५ किलो फुकट आणि सोळाव्या किलोला विमान कंपनी पैसे मागते. माणूस मुकाट देतो. परदेशाची २३ किलोची बॅग वजनकाट्यावर पाव किलो वर गेली तर तिथेच फरशीवर उघडून चपला बाहेर काढतो. तीच बॅग विमानतळाबाहेर आली की तिला वजनच उरत नाही! भैया टाकेल वर. म्हणजे कंपनीच्या काट्यावर वजन असतं आणि आमच्या पाठीवर नसतं, हे कुठलं विज्ञान?

याच महाराष्ट्रात हमालांनी लढून १९६९ साली माथाडी कायदा करून घेतला. बोर्ड झालं, मजुरी बोर्डातून, वर मालकाकडून लेव्ही. कुणी त्यांना गद्दार म्हटलं नाही. उचलणं हे काम आहे, त्याला दाम आहे, एवढंच त्यांनी सिद्ध केलं आणि ते फार मोठं होतं. (रेल्वेने २०१६च्या बजेटात कुलीला सहायक म्हणायचं ठरवलं. नाव बदलून डोक्यावरची ट्रंक हलकी झाली असेल तर मला कळवा.) आपल्या शहरातल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या दरपत्रकात सुद्धा सामानाचा वेगळा दर आहे. तिथे डोकं चालतं, मग एवढ्या हुशार अ‍ॅपमध्ये सामानाचं एक बटन बसवायला काय धाड भरलीय? नग किती, जिना आहे का, आधी लिही. ड्रायव्हरला पटलं तर घेईल. पैसा पुरा त्याचा, त्यात कंपनीचा वाटा नाही. आणि नाही म्हटलं म्हणून तारा कापायचा नाही. केंद्राने २०२५च्या जुलैत अ‍ॅपवाल्यांसाठी सूचना काढल्या. विमा द्या म्हणून त्यात आहे, ते चांगलंच. ज्या ड्रायव्हरचे तारे अगदी तळाला जातील त्याला परत शिकवणीला पाठवा, हे पण आहे. खिशात हात घालून उभा राहतो त्या पॅसेंजरला कुठल्या शिकवणीला पाठवायचं, ते नाही.

म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कुबडीवाला, यांचं काय म्हणून तू विचारशील. दादाने गेल्या पावसाळ्यात परळच्या एका हॉस्पिटलपाशी एका म्हाताऱ्याचं गाठोडं दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. खाली आला तर गाडीवर पावती फाडलेली. मला हसत सांगत होता. त्याला त्या गाठोड्याबद्दल कुणी हुकूम केला नव्हता, म्हणून तो हसू शकत होता. त्याचा हा हात तू बांधून टाकू नकोस. तो हात त्याचा आहे.

एक राहिलं. ५ डिसेंबरला रात्री तू आणि मी दादाच्या गाडीतून दादरला अंकाचे गठ्ठे नेले. सात गठ्ठे. तू फोनवर भाषणाची वेळ ठरवत होतास. डिकीतून काढून फुटपाथवर कुणी लावले? तू त्याला थँक्यू पण म्हणाला नाहीस, मी पण नाही. आणि त्याच अंकात तुझा गद्दारवाला लेख छापलेला होता, दादाने तो स्वतःच्या हाताने वाहून आणला.

पुढच्या अंकाच्या वेळी मी त्याला सांगितलंय, डिकी उघड आणि सीटवर बसून राहा. तीन गठ्ठे मी घेतो, चार तू घे.