लोखंडाचे पीठ आणि मराठवाड्याची भाकरी

लोहा तालुक्याच्या नावातच लोखंड ऐकू येते. पण धातूकामात करिअर करायचे तर इथल्या तरुणाला पुणे-चाकणची वाट धरावी लागते. ही वाट थोडी जवळ आणायची असेल, तर ‘पावडर मेटलर्जी’ या तंत्राकडे गांभीर्याने पाहायला हवे.

पूड कशी बनते?
वितळलेल्या पोलादाची बारीक धार खाली सोडतात. तिच्यावर प्रचंड दाबाने पाण्याचे फवारे मारले की धार फुटते आणि थेंब थिजून कण होतात. बहुतेक कण ०.२ मिलिमीटरहून लहान असतात.

पुडीपासून सुटा भाग कसा?
पुडीत ग्रॅफाइट, तांबे आणि वंगण मिसळतात. हे मिश्रण पोलादी साच्यात प्रेसने दाबतात आणि सुमारे ११२० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढतात. लोखंड वितळते १५३८ अंशांना. म्हणजे इथे ते वितळत नाही. कण एकमेकांना घट्ट चिकटतात. यालाच सिंटरिंग म्हणतात. भाग जवळपास अंतिम आकारातच मिळतो, त्यामुळे लेथवर कीस फारसा वाया जात नाही.

कुठे वापरतात?
दुचाकीच्या गिअरपासून टेबल फॅनच्या बुशपर्यंत. बुशमध्ये मुद्दाम सूक्ष्म छिद्रे ठेवून तेल मुरवतात. म्हणून त्याला वारंवार तेल द्यावे लागत नाही.

मराठवाड्याचा संबंध काय?
जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बांधकामाच्या सळया बनतात. ते काम मोलाचेच; पण सळई किलोवर विकली जाते, अचूक सुटा भाग नगावर. शेजारच्या अहिल्यानगरला धातूची पूड बनवणारा स्वीडिश कंपनीचा कारखाना आहे.

पूड बनवण्याला मोठे भांडवल आणि स्वच्छ कच्चा माल लागतो. कुठलेही भंगार चालत नाही. त्यामुळे सुरुवात पुढच्या टप्प्यापासून व्हावी : पूड विकत आणून दाबणे व भाजणे. त्यासाठी साचे घडवणारे आणि भट्टी सांभाळणारे हात हवेत. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तालुक्यांतील आयटीआय यांनी मिळून असा अभ्यासक्रम उभा करावा.

इलेक्ट्रिक वाहनांमुळे इंजिनच्या भागांची मागणी घटेल, हा धोका खरा आहे. मात्र मोटारच्या गाभ्यासाठीही विशेष लोहपूड वापरता येते. म्हणूनच शिक्षण जुन्या भागांपुरते थांबू नये. कौशल्य गावाजवळ आले, तरच उद्योगाला इकडे यायला कारण मिळेल.