कार्ल्याच्या खांबांवरची नावे

मुंबई-पुण्याहून एका दिवसात होणाऱ्या सहलींची वर्णने वाचली की कार्ल्याचा क्रम ठरलेला दिसतो. लोणावळ्याची चिक्की, मग पायऱ्या, एकवीरा आईचे दर्शन आणि वेळ उरलाच तर 'शेजारची गुहा'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या, भारतातल्या सर्वांत मोठ्या शैलचैत्याला शेजारची गुहा! कोणी विचारलेच तर पांडव तयार असतात. प्रत्येक डोंगरात लेणी खोदत बसले असते तर त्या पाच जणांना महाभारत लढायला सवड कधी मिळाली असती?

आपल्या तरुणांचा क्रमही तितकाच ठरलेला आहे. देवळासमोर फोटो, 'हे आमचे होते, बळकावले' अशी पोस्ट, आणि परतीची गाडी. चैत्याच्या दाराशी देऊळ उभे आहे, आणि दुसरा सिंहस्तंभ असायला हवा होता ती जागा त्याच बाजूला आहे. हे खरे आहे आणि ते बोललेच पाहिजे. पण नवसाचे लेकरू कडेवर घेऊन चढणारी आगरी-कोळी बाई आपली शत्रू नाही. तीही बहुजनच. ती चैत्याला पाठ करून उभी राहते, कारण आत काय आहे हे तिला कोणी सांगितलेच नाही. आपण सांगितले का? ते सांगायचे तर आधी आपल्याला वाचता आले पाहिजे.

आत जा. खांबांवर, भिंतींवर धम्मलिपीत नावे आहेत. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल सेठीने हे शैलगृह पुरे केले. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. पण आम्ही थांबतो ते धेनुकाकटच्या माणसांपाशी. तिथल्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा घडवला. सिंहदत्त नावाच्या गंध्याने, अत्तरे-सुगंध विकणाऱ्याने, दान दिले. कित्येक खांब यवनांचे आहेत. एका भिक्खुणीने वेदिका दिली, तर ती घडवणाऱ्याचेही नाव कोरले. ज्या देशात देऊळ बांधणाऱ्यालाच पुढे पायरीवर अडवले गेले, त्याच देशात सुताराचे नाव दारावर आहे.

म्हणून 'आमचे' म्हणताना जरा नीट म्हणावे. हा सातबारा नव्हे. भूतपाल आपल्या जातीचा नव्हता, यवन तर या मातीतलेही नसावेत. त्यांनी धम्म निवडला आणि 1956 साली नागपूरला आपल्या आजी-आजोबांनीही निवडलाच. आपले नाते निवडीचे आहे, रक्ताचे नाही, आणि म्हणूनच त्या कोळी बाईलाही त्यात जागा आहे. 'आमचे होते' या पोस्टमध्ये ती जागा उरत नाही.

धम्मलिपीची अक्षरे नेटाने बसले तर काही आठवड्यांत ओळखू येतात. पुढच्या सहलीला एक वही न्या, गर्दीआधी सकाळी पोहोचा. खांब मोजत आत जा: दोन्ही बाजूंना 15-15, स्तूपामागे 7 साधे. वर पाहा, लाकडी फासळ्या अजून आहेत. दुपारी मळवलीच्या पलीकडे भाजे. तिथल्या छोट्या स्तूपांवर थेरांची नावे आहेत. आणि संध्याकाळी पुण्याकडच्या लोकलने देहूरोडला उतरा. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी प्रतिष्ठापना केलेली बुद्धमूर्ती तिथल्या विहारात आहे.